ट्री शिअरचे पाते खोडात मध्येच थांबते: पोकलेनसाठी शिअर निवडताना आणि बिघाड शोधताना काय तपासावे

नाल्याचे काठ, पाझर तलावाचे बुडीत क्षेत्र किंवा रस्त्याची हद्द वेड्या बाभळीपासून मोकळी करण्यासाठी पोकलेनला ट्री शिअर (झाडे बुंध्याशी कापणारे हायड्रॉलिक पात्याचे जोडयंत्र) लावली की थोड्याच दिवसांत एक ठरावीक तक्रार ऐकू येते. ३०० मिलिमीटरचे खोड कापण्याची क्षमता असल्याचे माहितीपत्रकात छापलेले असते, पण प्रत्यक्षात २०० मिलिमीटरच्या बाभळीत पाते निम्म्यावर जाऊन थांबते. ऑइल तापते, इंजिन दबते आणि ऑपरेटर अडकलेले खोड बूम (मशिनचा मुख्य हात) हलवून पिळतो व मोडून काढतो. मग पात्याला धार लावली जाते किंवा पातेच बदलले जाते, दोन दिवस काम बरे चालते आणि तक्रार पुन्हा येते.

ती पुन्हा येते, कारण दुरुस्ती पात्याची होते आणि दोष बहुतेक वेळा पात्यात नसतो. शिअर हा हायड्रॉलिक सिलिंडरच्या जोरावर चालणारा मोठा अडकित्ता आहे. अडकित्त्याला धार लागतेच, पण सुपारी फुटते ती हाताच्या दाबाने. इथे तो दाब पोकलेनच्या लाइनमधून येतो, म्हणून शिअर कापेल की नाही याचे उत्तर निम्म्याहून अधिक पोकलेनमध्ये असते, शिअरच्या माहितीपत्रकात नसते. ज्यांनी शिअर आधीच घेतली आहे त्यांना पुढील क्रमाने बिघाड शोधता येईल. ज्यांना अजून घ्यायची आहे त्यांनी हाच क्रम खरेदीच्या आधी वापरावा.

पाते कसे थांबते, ते आधी पाहावे

स्पॅनर हातात घेण्यापूर्वी मशिनपासून सुरक्षित अंतरावर, झाडाच्या उंचीच्या दुपटीच्या बाहेर, उभे राहून चार-पाच खोडे कापताना शांतपणे पाहावे. दोन लक्षणे वरवर सारखी वाटतात, पण त्यांची कारणे पूर्ण वेगळी असतात.

पहिल्या प्रकारात पाते हवेत झपकन बंद होते, खोडाला वेगाने भिडते, थोडे आत शिरते आणि तिथेच घट्ट थांबते. लिव्हर कितीही वेळ दाबून धरला तरी ते पुढे सरकत नाही. याचा अर्थ ऑइल पुरेसे येते, पण दाब अपुरा पडतो. दुसऱ्या प्रकारात पाते हवेतसुद्धा रेंगाळत बंद होते, खोडातही रेंगाळत जाते, परंतु वेळ दिल्यास खोड पूर्ण कापले जाते. इथे दाब पुरेसा आहे आणि प्रवाह कमी पडतो आहे.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी की पाते थांबलेले असताना लाइनमधून ऑइल वाहतच नाही, त्यामुळे अरुंद होज (ऑइलची लवचिक नळी) किंवा कपलर (होज जोडणारा तुकडा) यांमुळे होणारी दाबाची घट त्या क्षणी शून्य असते. अरुंद होज पात्याचा वेग खातो, पण थांबलेल्या पात्याचा जोर कमी करत नाही. ‘होज मोठे टाका’ हा सल्ला म्हणूनच पहिल्या प्रकारच्या तक्रारीत निरुपयोगी ठरतो, आणि ‘प्रेशर वाढवा’ हा सल्ला दुसऱ्या प्रकारात निरुपयोगीच नव्हे तर धोक्याचाही ठरतो. तिसरे एक लक्षण याहून सोपे आहे: शिअर बंद होते पण उघडत नाही, किंवा उघडते पण बंद होत नाही. तेव्हा दाब आणि प्रवाह यांच्या आधी लाइनचा प्रकार पाहावा.

ब्रेकरची लाइन म्हणजे शिअरची लाइन नव्हे

आपल्याकडील बऱ्याच पोकलेनला जादा हायड्रॉलिक लाइन बसवलेली असते ती दगड फोडण्याच्या ब्रेकरसाठी. ब्रेकरला ऑइल एकाच दिशेने लागते: एका पाइपमधून दाबाखाली ऑइल जाते आणि दुसऱ्या पाइपमधून ते मुख्य कंट्रोल व्हॉल्व्हला वळसा घालून फिल्टरमार्गे थेट टाकीत परतते. शिअरचा सिलिंडर मात्र दोन्ही बाजूंनी चालवावा लागतो. बंद करताना पिस्टनच्या एका बाजूला दाब हवा आणि उघडताना दुसऱ्या बाजूला हवा. एकेरी लाइनवर लावलेली शिअर एकदा बंद होईल आणि तशीच बंद राहील.

म्हणून खरेदीपूर्वी मशिनवरची लाइन एकेरी आहे की दुहेरी, हा पहिला प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर विक्रेत्याकडून नव्हे तर मशिनवरून घ्यावे. कॅबिनमधील पेडल एकाच बाजूला दाबले जात असेल किंवा जॉयस्टिकवर केवळ एकच बटण असेल, तर लाइन बहुधा एकेरी आहे. पेडल पुढे-मागे दोन्हीकडे दाबले जात असेल किंवा अंगठ्याने दोन्ही दिशांना सरकणारी कळ असेल, तर ती दुहेरी असण्याची शक्यता आहे. खात्री मात्र मशिनच्या हायड्रॉलिक आराखड्यावरूनच होते.

दुहेरी लाइन असलेल्या अनेक मशिनवर परतीच्या पाइपला एक निवड-व्हॉल्व्ह असतो. तो ब्रेकरच्या स्थितीत ठेवल्यास परतीचे ऑइल थेट टाकीकडे जाते आणि शिअर किंवा क्रशरच्या स्थितीत ठेवल्यास ते मुख्य व्हॉल्व्हमधून फिरते. ब्रेकर काढून शिअर लावताना हा व्हॉल्व्ह फिरवायचा राहून गेला, तर पाते एका दिशेने चालते आणि दुसऱ्या दिशेने दाबच तयार होत नाही, कारण ऑइल सरळ टाकीत निघून जाते. शिअर खोलून सिलिंडरचे सील बदलण्यात एक दिवस घालवण्यापूर्वी हा एक व्हॉल्व्ह पाहण्यास एक मिनिट लागते.

लाइन एकेरीच असेल तर दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे मशिनच्या उत्पादकाचा दुहेरी लाइनचा संच बसवणे. दुसरा म्हणजे बकेट सिलिंडरच्या लाइनवर शिअर चालवणे. लहान खोडांसाठी बनवलेल्या काही शिअर मुळातच या दुसऱ्या पद्धतीने चालतात. त्यात शिअर वर-खाली वळवण्याची सोय जाते, आणि बकेटच्या लाइनला मशिनचा पूर्ण दाब मिळतो. २० टनी वर्गातील मशिनमध्ये तो साधारण ३५० बारच्या जवळ असतो. शिअरचा सिलिंडर तेवढ्या दाबासाठी बनवलेला नसेल तर हा मार्ग वापरूच नये.

दाब: सर्वांत जास्त वेळा इथेच गाडे अडते

हायड्रॉलिक ब्रेकर सामान्यतः १२० ते १८० बार एवढ्या दाबावर काम करतो, आणि त्या लाइनचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरावीक मर्यादेवर गेला की ऑइल टाकीकडे सोडणारी झडप) त्याच्या थोडा वर लावलेला असतो. शिअरचा छापील व्यास मात्र बहुधा २५० बार किंवा त्याहून जास्त दाब गृहीत धरून दिलेला असतो. १२५ मिलिमीटर बोअरचा (आतील व्यासाचा) सिलिंडर घेतला, तर त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर भरते. २५० बारला तो सुमारे ३१ टन जोर देतो, १८० बारला सुमारे साडेबावीस टन. म्हणजे पोकलेन तीच, शिअर तीच, पण जोराचा चौथ्या भागाहून अधिक हिस्सा रिलीफ व्हॉल्व्हच्या एका स्क्रूवर गेला.

खोडाच्या भाषेत याचा अर्थ काय होतो? लागणारा जोर व्यासाच्या प्रमाणात वाढतो असे धरले तर ३०० मिलिमीटरची शिअर १८० बारला सुमारे २१५ मिलिमीटरवर थांबेल. तो छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो असे धरले तर सुमारे २५५ वर थांबेल. प्रत्यक्ष उत्तर खोडाच्या जातीनुसार या दोहोंच्या आसपास कुठेतरी असते, आणि तेही ज्या लाकडावर ३०० चा आकडा ठरवला गेला त्या लाकडासाठी. बाभूळ ते लाकूड नव्हे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दाब मोजण्यासाठी ४०० किंवा ६०० बारचा प्रेशर गेज शिअरकडे जाणाऱ्या होजच्या टोकाशी, टी-जोड लावून, बसवावा. मुख्य पंपाजवळचा किंवा मॉनिटरवर दिसणारा आकडा या कामाचा नाही, कारण जादा लाइनचा रिलीफ त्या दोहोंच्या पुढे असतो. ऑइल गार असताना घेतलेली नोंद फसवी असते. गरम ऑइल पातळ होते आणि जुन्या पंपातील अंतर्गत गळती वाढते, म्हणून मशिन तासभर चालवून, ऑइल रोजच्या कामाच्या तापमानाला आल्यावर पाते पूर्ण बंद करावे, लिव्हर चार-पाच सेकंद धरून ठेवावा आणि गेजवरील आकडा लिहून घ्यावा.

आकडा कमी आला तर जादा लाइनचा रिलीफ टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, पण त्याला तीन मर्यादा आहेत आणि त्यांतील सर्वांत कमी मर्यादा पाळावी: शिअरचा कमाल दाब, जादा लाइनसाठी उत्पादकाने ठरवलेला कमाल दाब आणि होजचा दाब. तिसरी मर्यादा सर्वाधिक वेळा दुर्लक्षित राहते. ब्रेकरसाठी बाजारातून बदलून घेतलेले होज अनेकदा दोन वायरचे (आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेले) असतात. पाऊण इंची दोन वायरच्या होजची युरोपीय मानकातील कामाची मर्यादा २१५ बार आणि एक इंचीची १६५ बार आहे. अशा होजवर २५० बार दाब लावणे म्हणजे ऑपरेटरच्या समोर होज फुटण्याची व्यवस्था करून ठेवणे होय. शिअरसाठी चार थरांचे स्पायरल होजच घ्यावेत. मशिनच्या मुख्य रिलीफला हात लावू नये. होजची गळती हाताने चाचपून कधीही पाहू नये: एवढ्या दाबाची सुईसारखी धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून ऑइल आत सोडते, आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी शस्त्रक्रियेची असते. कपलर सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून लाइनमधील दाब उतरवावा.

गेजवरील आकडा योग्य आहे आणि तरीही पाते थांबते, असे झाल्यास सिलिंडरचे पिस्टन-सील तपासावे. पाते पूर्ण बंद करून पिस्टनचा दांडा टोकापर्यंत बाहेर काढावा, दाब उतरवावा, उघडण्याच्या बाजूचा होज सोडून मशिनकडील टोक बंद करावे, आणि मग बंद करण्याच्या बाजूने हळूहळू दाब द्यावा. सोडलेल्या तोंडातून ऑइलचे काही थेंब आले तर चिंता नाही. धार लागली तर सील गेले आहे.

प्रवाह, परतीचे ऑइल आणि तापणारी टाकी

१२५ मिलिमीटर बोअर आणि ५०० मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टन सरकण्याच्या अंतराचा) सिलिंडर पूर्ण बाहेर येण्यास सुमारे ६ लिटर ऑइल घेतो. लाइनमधून मिनिटाला ६० लिटर आले तर पाते सुमारे ६ सेकंदांत बंद होते, ३० लिटर आले तर १२ सेकंद लागतात. दिवसाला शेकडो खोडे कापायची असतील तर हा फरक डिझेलच्या बिलात दिसतो. म्हणून ८ टनी मशिनला मोठ्या बोअरची शिअर लावून ‘हळू कापेल, पण कापेल’ असा हिशेब करणाऱ्यांनी तासाला किती खोडे निघतील तेही मांडून पाहावे.

उलट बाजूची चूकही घडते. २० टनी मशिन जादा लाइनवर मिनिटाला दीडशे लिटर किंवा त्याहूनही अधिक ऑइल सोडू शकते, तर लहान शिअरला ६० ते ८० लिटर पुरतात. जास्तीच्या प्रवाहाने पाते टोकाला आदळते, पिना लवकर झिजतात आणि ऑइल तापते. अनेक नव्या मशिनमध्ये मॉनिटरवरून जादा लाइनचा प्रवाह कमी करता येतो. जुन्या मशिनला फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह लावावा लागतो.

परतीच्या बाजूकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि तिथे दुर्लक्ष परवडत नाही. पाते उघडताना ऑइल दांड्याच्या बाजूने आत जाते आणि पिस्टनच्या मोठ्या बाजूने बाहेर पडते. दांडा ७० मिलिमीटरचा असेल तर आत गेलेल्या प्रत्येक ६० लिटरमागे सुमारे ८७ लिटर बाहेर येतात. परतीचा होज अर्धा इंची असेल तर हे ऑइल सेकंदाला ११ मीटरहून अधिक वेगाने धावते, तर परतीच्या लाइनमध्ये दोन ते चार मीटरच्या पुढे जाऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे ‘बंद चटकन होते, पण उघडायला वेळ लागतो’ या तक्रारीत प्रथम परतीचा होज आणि त्याचा कपलर पाहावा. एक इंची होजमध्ये हाच प्रवाह मर्यादेत राहतो.

पूर्ण न बसलेला क्विक कपलर हे आणखी एक नेहमीचे कारण आहे. त्याच्या आतील झडप अर्धवट उघडी राहते. ती पूर्णच बंद राहिली आणि ऑपरेटरने पाते बंद करण्याचा प्रयत्न केला, तर अडकलेल्या बाजूचे क्षेत्रफळ कमी असल्याने तिथला दाब पंपाच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट होतो. २५० बारचे ३६० बार होतात, आणि तेही ज्या होजकडे केवळ परतीचा होज म्हणून पाहिले जात होते त्यात. कपलर बसवताना दोन्ही तोंडे पुसून घ्यावीत आणि लॉक पूर्ण फिरल्याची खूण डोळ्यांनी पाहावी.

ऑइल तापण्याचे मुख्य कारण मात्र ऑपरेटरच्या बोटाशी असते. थांबलेल्या पात्यावर लिव्हर धरून ठेवला की सगळे ऑइल रिलीफमधून जाते. २०० बार दाबाला मिनिटाला ६० लिटर ऑइल रिलीफमधून गेल्यास २० किलोवॉट उष्णता निर्माण होते, आणि ती सगळी ऑइलमध्येच उतरते. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात, जिथे कूलरला आत येणारी हवाच चाळिसाच्या वर असते, तिथे ही उष्णता बाहेर काढणे कूलरला जमत नाही. पाते थांबले तर दोन सेकंदांत लिव्हर सोडावा, पाते उघडून खोडाच्या दुसऱ्या बाजूने किंवा थोडे वर पकडून पुन्हा कापावे. ही एक सवय टाकीचे तापमान जितके खाली आणते तितके मोठा कूलरही आणत नाही.

लाकूड कोणते आहे, हे माहितीपत्रक विचारत नाही

बुंध्यापासून झाडे कापणाऱ्या शिअर मोठ्या प्रमाणावर फिनलंड, ऑस्ट्रिया आणि उत्तर अमेरिकेत विकसित झाल्या. तेथील जंगलातील स्प्रूस, पाइन यांसारखी झाडे मऊ लाकडाची आहेत. स्प्रूसचे वाळलेले लाकूड घनमीटरला साडेचारशे किलोच्या आसपास भरते, तर आपली बाभूळ आठशेच्या आसपास. घनता वाढते तसा कापण्यास लागणारा जोर वाढतो. काही उत्पादक मऊ आणि कठीण लाकडासाठी वेगवेगळे व्यास छापतात, काही एकच छापतात. एकच आकडा असेल तर तो मऊ लाकडाचा समजावा आणि बाभूळ, वेडी बाभूळ, खैर यांसाठी त्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये, असे माझे मत आहे. सुबाभूळ आणि कोवळी निलगिरी त्यामानाने सोपी जाते.

ओले आणि वाळलेले खोड यांतही मोठा फरक असतो. उभे वाळलेले झाड ओल्यापेक्षा हटवादी असते आणि पाते त्यात फाटे पाडत जाते. तलावाच्या बुडीत क्षेत्रात पाण्याने मेलेली, दोन-तीन उन्हाळे खाल्लेली बाभूळ असेल तर तिच्यावरून शिअरची परीक्षा करू नये. ओल्या खोडावर तिची परीक्षा करावी आणि वाळलेल्या खोडांसाठी चेनसॉ सोबत ठेवावा.

वेड्या बाभळीचा आणखी एक स्वभाव निवडीवर परिणाम करतो. तिला एक खोड नसते. एका बुंध्यातून पाच-सहा फांद्यावजा खोडे फुटलेली असतात. अशा झुडपासाठी मोठ्या तोंडाच्या शिअरपेक्षा मध्यम तोंडाची, पण कापलेली खोडे धरून ठेवणारा पंजा असलेली शिअर अधिक काम काढते. पंजा एकामागून एक खोडे गोळा करतो आणि जुडी एकदाच खाली ठेवली जाते.

बांधावरच्या झाडांत एक लपलेला शत्रू असतो. जुन्या कुंपणाची काटेरी तार किंवा खिळे खोडाने वर्षानुवर्षे गिळलेले असतात. पात्याच्या कडेला अर्धगोल तुकडे पडलेले दिसले तर ते तारेचे, आणि कड सर्वत्र गोल झालेली दिसली तर ते मातीचे काम. मातीला टेकवून बुंधा कापण्याचा आग्रह ठेकेदाराकडून होतो, पण जमिनीपासून एक वीतभर वर कापल्यास पाते अनेक पटींनी जास्त टिकते. धार लावताना ग्राइंडर एका जागी धरून कड निळी पडू देऊ नये. निळी पडलेली कड मऊ झालेली असते आणि ती पुढच्या दोन तासांत वाकते.

वजन: मशिन उलटण्याचा हिशेब खरेदीच्या दिवशीच मांडावा

शिअर कापते म्हणून ती चालेल असे नव्हे. कापलेले झाड मशिनच्या हातात राहते. ४० सेंटिमीटर बुंध्याचे, १५ मीटर उंचीचे झाड घेतले आणि वर निमुळते होत जाणाऱ्या खोडाचे घनफळ सरळ दंडगोलाच्या निम्मे धरले, तरी ते जवळजवळ एक घनमीटर भरते. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे एक टन धरल्यास खोडच साडेनऊशे किलोचे होते, आणि फांद्या-पाल्याचे वजन वेगळे. शिअरचे ९०० आणि क्विक हिचचे (शिअर मशिनच्या हाताला जोडणाऱ्या कडीचे) २०० किलो मिळवले की दोन टनांच्या पुढे गेलो.

मशिनच्या पुस्तिकेत वजन उचलण्याचा तक्ता असतो. आयएसओ १०५६७ या मानकानुसार त्यातील आकडा मशिन उलटण्याच्या भाराच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक क्षमतेच्या ८७ टक्के यांपैकी जो कमी असेल तो असतो, आणि तो कडक व सपाट जमिनीसाठीच असतो. तलावाच्या काठची काळी माती कडकही नसते आणि सपाटही. तक्त्यातून नेहमी बाजूच्या दिशेचा आकडा घ्यावा, कारण चेनच्या आडव्या दिशेला मशिन लवकर उलटते. त्यातून शिअर आणि हिचचे वजन वजा करावे. उरते ती झाडासाठीची क्षमता.

हा हिशेबही झाड उभे धरले आहे तोवरच खरा असतो. १५ मीटरच्या झाडाचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून पाच-सहा मीटरवर असतो. मशिनपासून सात मीटरवर धरलेले झाड शेंडा बाहेरच्या बाजूला करून आडवे झाले की त्याचे वजन सातऐवजी बारा-तेरा मीटरवर लटकते. मशिन तेव्हाच पुढे झुकते आणि ऑपरेटर घाबरून बूम खाली आपटतो. झाड नेहमी मशिनच्या जवळ ओढून मग आडवे करावे, आणि उंच झाडे आधी वरून अर्धी कापून घ्यावीत. याचसाठी शिअर घेताना ती बाजूला कलणारी आहे का ते पाहावे. सरळ बसवलेली शिअर झाडाला फक्त बूमच्या रेषेत वाकवू शकते, तर कलणारी शिअर ते बाजूला सुरक्षित उतरवते. कलवण्यासाठी आणखी एक हायड्रॉलिक लाइन लागते, हे मात्र भाव विचारतानाच लक्षात घ्यावे.

पंजा असलेल्या शिअरमध्ये पंजा आधी बंद व्हावा आणि नंतर पाते चालावे, यासाठी सिक्वेन्स व्हॉल्व्ह असतो. पाते आधी चालत असेल तर झाड कापले जाते पण धरलेले नसते, आणि हा दोष कापण्याचा नसून जिवाचा आहे. पहिल्याच दिवशी हवेत उघड-बंद करून क्रम पाहावा. होज फुटला तरी पंजा उघडू नये म्हणून त्याच्या सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह असलेलीच शिअर घ्यावी. कॅबिनला वरचे संरक्षक छत आणि पुढे जाळी किंवा पॉलिकार्बोनेट काच नसलेल्या मशिनवर शिअर लावू नये, आणि झाडाच्या उंचीच्या दुपटीच्या आत कोणालाही उभे राहू देऊ नये.

पिळणे, पिना आणि वाकलेले पाते

पाते खोडात असताना बूम किंवा फिरकी वापरून खोड मोडणे ही सवय वर सांगितलेल्या अपुऱ्या दाबातून जन्माला येते आणि दाब दुरुस्त झाल्यावरही ऑपरेटरच्या हातात राहते. पाते सरळ जोरासाठी बनवलेले असते. बाजूच्या जोराने ते वाकते, मुख्य पिनचे बुश अंडाकृती होतात आणि पाते व समोरचा जबडा यांत फट पडते. फट वाढली की लाकडाचे शेवटचे धागे कापले न जाता दुमडून फटीत शिरतात आणि पाते तिथे पाचरीसारखे अडकते. हे अडकणे अगदी शेवटी, खोड जवळजवळ कापून झाल्यावर होते, त्यामुळे ते ओळखणे सोपे आहे. इथे दाब वाढवून उपयोग नाही. बुश बदलून फट उत्पादकाने सांगितलेल्या मापावर आणावी लागते.

मशिनच्या आर्मची पिन, कानांमधील रुंदी आणि दोन पिनांमधील अंतर व्हर्निअरने स्वतः मोजून कळवावे. ‘२० टनी मशिन’ एवढेच सांगून मागवलेला ब्रॅकेट वॉशर भरून बसवला जातो, आणि ती ढिलाई पहिल्या दिवसापासून पिळण्याचेच काम करते.

शिअर मुळात हवी आहे का

कापलेले लाकूड जळण, लगदा किंवा बायोमासच्या कारखान्यासाठी जात असेल तर शिअर योग्य आहे. ते सॉमिलला जात असेल तर नाही: जाड पाते खोडात शिरताना बुंध्याकडचे लाकूड लांबवर फाटते आणि सर्वांत मोलाचा भाग वाया जातो. त्यासाठी चेनसॉ किंवा करवतीचे हेड हवे. वेडी बाभूळ कायमची काढायची असेल तरी शिअर एकटी पुरत नाही, कारण कापलेल्या बुंध्यातून पहिल्याच पावसात दुप्पट फुटवे येतात. तिथे मुळाचा गड्डा बकेट किंवा रिपरने उपसावाच लागतो, आणि बरेचदा तेवढेच केले तरी भागते. झाड कोणतेही असो, १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आणि शहरी हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार परवानगी लागते का, हे मशिन जागेवर नेण्याआधी पाहावे.

विक्रेत्याशी बोलताना

विक्रेत्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात: छापील व्यास कोणत्या दाबाला आणि कोणत्या लाकडावर मोजला, सिलिंडरचा बोअर, दांडा आणि स्ट्रोक किती, किमान व कमाल प्रवाह किती, ब्रॅकेटसह एकूण वजन किती, आणि पाते बोल्टचे आहे की वेल्डिंगचे. बोअर आणि दाब मिळाले की वरचा हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. पैसे देण्याची अट अशी ठेवावी की शिअर आपल्याच मशिनवर, ऑइल गरम झाल्यावर, आपल्याच जागेवरच्या ओल्या बाभळीवर चालवून दाखवली जाईल, आणि त्या वेळी होजच्या टोकाला गेज लावलेला असेल.

मिळालेले आकडे मशिनच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत, शेजारी ब्रेकरसाठीचा मूळ दाब आणि प्रवाहही लिहावा. शिअर काढून पुन्हा ब्रेकर लावताना रिलीफ त्याच मूळ आकड्यावर आणावा आणि निवड-व्हॉल्व्ह ब्रेकरच्या स्थितीत फिरवावा. अन्यथा शिअरसाठी वाढवलेला दाब ब्रेकरचे सील आणि डायफ्राम फोडतो, आणि मुख्य व्हॉल्व्हमधून फिरणाऱ्या परतीच्या ऑइलमुळे त्याचे ठोके मंदावतात.